सहावी पिशवी

१

सकाळपासून भुरभुर लागून राहिली होती, म्हणून जहाजाच्या कोठारांची झाकणं बंदच होती. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या करंगळीएवढ्या कांड्या, म्हणजे पेलेट, पोटात भरून ते जहाज समुद्रापलीकडून आलं होतं. पेलेटला पाणी लागलं की त्याचा पुन्हा भुसा होतो आणि वीजघरवाले तोंड फिरवतात. बाराच्या पुढे आभाळ उघडलं, तसा धक्क्यावरचा मुकादम दोन नंबरच्या कोठाराचं झाकण काढायच्या तयारीने वर चढला.

झाकणाच्या बाजूला एक छोटं लोखंडी दार असतं. त्यातून अरुंद शिडी थेट कोठाराच्या तळाला उतरते. धक्क्यावरची माणसं तिला विहीर म्हणतात. ते दार कायम कुलूपबंद असतं. त्या दिवशी ते सताड उघडं होतं.

मुकादमाने आत बॅटरी मारली. तळाशी पिवळं जाकीट दिसलं.

त्याने तीन हाका मारल्या. जाकीट हललं नाही. मुकादम मात्र खाली उतरला नाही. माणसं बोलावली, हवेची नळकांडी मागवली आणि हात चोळत वर उभा राहिला. नंतर त्याला याचंच फार वाईट वाटत राहिलं. पण पेलेटची जहाजं सुरू झाल्यापासून एकच माणूस त्याला पढवत आला होता: बंद कोठारातला पेलेट हवा खातो, वर विष सोडतो, त्या विषाला वास नाही, रंग नाही, खाली कुणी पडलेला दिसला तर त्याच्यामागे उडी मारू नकोस, नाहीतर दोघांना उचलावं लागेल.

खाली पडला होता तो हेच पढवणारा माणूस. जहाजातल्या मालाचे नमुने तपासणीसाठी काढणारा, धक्क्यावरचा नमुनेवाला.

२

चौथ्या दिवशी विमा कंपनीकडून तपासनीसबाई आल्या. वय पंचावन्न, डावा गुडघा दुखरा, खांद्याला कापडी पिशवी. अपघातानंतर लोकांच्या दारात जाऊन प्रश्न विचारायचं काम त्या अठ्ठावीस वर्षं करत होत्या. निघताना त्यांचे साहेब म्हणाले होते, "बाई, यात फार खोल जाऊ नका. अनुभवी माणूस, नियम माहीत असून आत गेला. स्वतःचा निष्काळजीपणा. तीन ओळींत अहवाल होतो."

"आणि मग घरच्यांना?"

"मग काही नाही."

बाईंना हा 'काही नाही' प्रवासभर बोचत राहिला.

जहाज संध्याकाळी सुटणार होतं. त्याचा मुख्य अधिकारी उंच, खांदे पाडून चालणारा माणूस होता. त्याने न विचारताच परवानगीचा कागद पुढे केला.

"दहा पन्नासला तो माझ्याकडे किल्ली मागायला आला. म्हणाला, झाकण बंद आहे तोवर तळाचा नमुना घेतो, क्रेनचा पंजा सुरू झाला की खाली जाता येत नाही. विहिरीची हवा तासभर आधीपासून पंख्याने खेळवली होती. त्याने माझ्यासमोर मीटर दोरीने खाली सोडलं. हिरवा दिवा. मी सही केली."

बाईंनी कागद डोळ्यांजवळ नेला. दोन रकाने होते. ऑक्सिजन: वीस पूर्णांक एक. त्याखालच्या रकान्यात, जिथे विषारी वायूचा आकडा हवा, तिथे नुसती आडवी रेघ.

"ही रेघ का?"

अधिकाऱ्याने कागद परत घ्यायला हात पुढे केला. "हवा ठीक होती, बाई. माणसाला बावीस वर्षांचा अनुभव होता. मी त्याला काय शिकवणार?"

"मी रेघेचं विचारतेय."

"त्याच्याकडच्या मीटरला तो आकडा दाखवताच येत नव्हता," तो खाली बघत म्हणाला. "ते नुसतं ऑक्सिजन मोजणारं, छोटं मीटर होतं."

म्हणजे पंख्याने ऑक्सिजन आत आला होता, पण विष पुरतं बाहेर गेलं नव्हतं. कमरेचं मीटर शेवटपर्यंत हिरवा दिवा दाखवत राहिलं. आणि नमुनेवाल्यासारख्या माणसाने असलं अर्धवट हत्यार घेऊन त्या विहिरीत उतरावं, ही गोष्ट बाईंच्या घशाखाली उतरेना.

३

मुकादम चहाच्या टपरीमागच्या बाकावर बसला होता. कप हातात धरून ठेवलेला, चहा कधीचाच गार झालेला.

"मी तुम्हाला दोष द्यायला आले नाही," बाई शेजारी टेकत म्हणाल्या. "त्याला बाहेर काढलं तेव्हा जे जे दिसलं ते फक्त सांगा. तुम्हाला क्षुल्लक वाटेल तेसुद्धा."

"क्षुल्लक काय, सगळं डोळ्यांपुढून हलत नाही," मुकादम म्हणाला. "नळकांडं लावून मीच उतरलो शेवटी. उताणा होता. हात दोन्ही बाजूंना सरळ. शर्टाची वरची दोन बटणं उघडी. हेल्मेट डोक्याखाली होतं."

"डोक्यावर?"

"डोक्याखाली. उशी द्यावी तसं. मला वाटलं, झोपलाय."

बाईंची पेन्सिल थांबली.

"आणि नमुन्याच्या पिशव्या?"

"पाच. सगळ्या रिकाम्या. मी वर आणून प्रयोगशाळेत दिल्या, नंबर बघून."

"गेला तेव्हा किती घेऊन गेला होता?"

"सहा." मुकादम चटकन म्हणाला आणि त्याने बोटांवर पुन्हा मोजलं. "सहा, बाई. सील मीच मोजून दिली होती. एकशे एकेचाळीस ते शेचाळीस. मागे आलेल्या पाचांत एकशे एकेचाळीस नव्हता. हे आजवर माझ्या डोक्यातच आलं नाही."

"एक पिशवी भरली असेल त्याने."

"भरली असेल तर ती तिथेच पडलेली हवी. भरलेली पिशवी पाच किलोची असते. ती काय वाऱ्याने उडते?"

"तुमच्या आधी कुणी खाली गेलं होतं का?"

"आमच्या आधी कुणीही नाही," मुकादम म्हणाला. मग कप बाकावर ठेवला. "असं मी समजत होतो."

४

प्रयोगशाळा धक्क्याच्या टोकाला, दोन खोल्यांची. भिंतीवर एक मोठा तक्ता होता: दहा वर्षांत किती पेलेट कुठून आला. दरवर्षीचा खांब आधीच्या वर्षापेक्षा उंच. प्रयोगशाळेचा प्रमुख चाळिशीचा, नीटनेटका, डोळ्यांखाली काळं पडलेला. बोलताना त्याने पहिल्यांदा सांगितलं ते हेच, की मेलेला माणूस त्याच्या सख्ख्या बहिणीचा नवरा.

"भाऊजींनीच मला इथे लावलं," तो म्हणाला. "तेव्हा मी साधा मदतनीस होतो. आज कागदोपत्री मी त्यांचा साहेब. पण समोर आले की उठून उभा राहायचो."

"मोठं मीटर कुठे होतं त्या दिवशी? चारही वायू मोजणारं?"

त्याने वही उघडून दाखवली. अपघाताच्या आदल्या दिवसाची नोंद, त्याच्याच अक्षरात: मोठं मीटर तपासणीसाठी बाहेर पाठवलं.

"हे त्यांना माहीत होतं?"

"मीच सांगितलं. म्हटलं, भाऊजी, मीटर नाही, तेव्हा खाली जाऊ नका."

"तरी गेले."

"तरी गेले." त्याने वही मिटली. "छोटं मीटर खुंटीवर होतं, ते काढून घेऊन गेले."

बाईंनी विचारलं, की खाली जायची एवढी निकड काय होती. एरवी नमुने घेतात कुठून?

"माल वाहणाऱ्या सरकत्या पट्ट्यावरून. माल उतरायला लागला की पहिल्या तासात."

"पहिल्या तासात म्हणजे कोठाराच्या वरच्या थरातून?"

"पद्धत तशीच आहे."

"तळाचा कधी घेत नाही?"

तो उठला आणि खिडकी लावून घेतली. बाहेर पट्टा धडधडत होता. दोन नंबर, तीन नंबर, सगळी कोठारं चार दिवसांत रिकामी होत आली होती. तपकिरी कांड्यांचा अखंड ओघ वीजघराच्या दिशेने वाहत होता आणि तिथे पोचल्याबरोबर जळत होता.

"बाई," तो पाठमोराच म्हणाला, "तुम्ही ताईला भेटाल ना? तिला जरा सांभाळून विचारा. तिला माझ्याशिवाय कुणी नाही."

५

नमुनेवाल्याचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं, धक्क्यापासून बसने चांगल्या पस्तीस मिनिटांवर. दार त्याच्या बायकोने उघडलं. जाडसर, संथ बाई. रडून झालेल्या माणसाच्या चेहऱ्यावर येते तसली कोरडी शांतता तिच्यावर होती.

"ह्यांची चूक होती का हो?" तिने बसायच्या आधीच विचारलं. "सगळे तेच म्हणतात. आडून म्हणतात."

"अजून ठरलं नाही," बाई म्हणाल्या. "म्हणून तर आले."

तिने कपाटातून एक जाडी वही काढून दिली. "रोज जेवण झालं की ह्यात लिहायचे. मी म्हणायची, संसाराचं काही लिहा कधीतरी. तर म्हणायचे, संसार तुला पाठ आहे, पेलेट कुणाला पाठ नाही."

बाई वाचत गेल्या. दहा वर्षांपूर्वी माल ट्रकने यायचा, आसपासच्या लाकूड कापायच्या गिरण्यांचा उरलासुरला भुसा. मग वीजघराने कोळसा सोडून लाकूड जाळायचं ठरवलं, तेव्हापासून जहाजं सुरू झाली. माल हिरवा हवा, म्हणजे भुशाचा हवा, उभं जंगल तोडून केलेला नको, असा दंडक. दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या देशाचा माल बंद झाला. तिथे जुनी जंगलंच्या जंगलं साफ होत होती. सगळ्यांना वाटलं, आता जहाजं कमी होतील. नमुनेवाल्याने ठळक अक्षरात लिहिलं होतं: कमी झाली नाहीत. वाढली. शेजारच्या एका चिमुकल्या देशाचा माल एका वर्षात तिपटीवर गेला. त्या देशात एवढ्या गिरण्या नाहीत. एवढी झाडंसुद्धा नाहीत.

शेवटच्या पानावर पेलेटचं चित्र होतं. कांडीच्या अंगावर लांबीभर एक बारीक रेघ. खाली मजकूर: 'बंद झालेल्या देशातल्या एका कारखान्याचा साचा खराब आहे. त्याची प्रत्येक कांडी ही रेघ घेऊन येते. गेल्या जहाजात उतराईच्या शेवटी जमिनीवर सांडलेल्या मालात रेघ दिसली. वरच्या थरात नाही. तळाशी तो माल, वर दुसरा. तळाचा सीलबंद नमुना पाहिजे. छोट्याला सांगितलं. तो गप्प बसला.'

"छोट्या कोण?"

"माझा भाऊ. प्रयोगशाळेतला. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा. मीच वाढवलाय त्याला." तिने कोपऱ्यातल्या पिशवीकडे हात केला. "ह्यांचे कपडे दिलेत त्यांनी. मला उघडवत नाही. तुम्ही बघा."

बाईंनी बूट उलटे केले. चार कांड्या लादीवर घरंगळल्या. खिडकीशी नेऊन पाहिल्या. चारही कांड्यांवर रेघ.

पुरावा सापडल्याचा आनंद क्षणभरच टिकला. बुटातल्या कांड्यांना सील नसतं. त्या कुठल्याही जहाजातल्या, कुठल्याही वर्षातल्या असू शकतात. सील होतं ते एकशे एकेचाळीस नंबरच्या पिशवीला.

"छोट्याचे फार उपकार आहेत," नमुनेवाल्याची बायको सांगत होती. "तो नसता तर मी त्या दिवशी कोसळलेच असते. मुकादमांचा फोन आला तेव्हा तो इथेच होता, ह्या खुर्चीवर."

"फोन किती वाजता आला?"

"बारा वीसला. मी कुकर बंद केला होता म्हणून ध्यानात आहे. छोट्या त्याच्या थोडंच आधी आला होता. पाणी मागितलं, प्यायला नाही. मी विचारतेय, अरे भांडलास का कुणाशी, तर नुसता माझ्याकडे बघतोय. आणि तेवढ्यात फोन." तिने डोळ्यांना पदर लावला. "जिवाचं नातं म्हणतात ते खोटं नाही, बाई. त्याला आधीच कळलं होतं."

तपासनीसबाईंच्या हातातली कांडी मोडली. मुकादमाला पिवळं जाकीट दिसलं ते बारा वाजून दहा मिनिटांनी. धक्क्यावरून इथे यायला पस्तीस मिनिटं. ज्या वेळी जगात कुणालाच काही कळलेलं नव्हतं, त्या वेळी छोट्या धक्क्यावरून निघून बसमध्ये बसलेला होता.

६

मीटर तपासणारं दुकान एका गल्लीत होतं. चष्मेवाला कारागीर दोन यंत्रं उघडून बसला होता.

"प्रयोगशाळेचं मोठं मीटर? आलंय ना. अजून हात लावला नाही."

"कधी आलं?"

त्याने पावती पाहिली. अपघाताच्या दुसऱ्या दिवशीची तारीख. वहीत लिहिली होती तिच्यापेक्षा दोन दिवसांनी उशिराची.

"याच्या पोटात काही लिहिलेलं राहतं का हो?"

"सगळ्यांत वरचा आकडा आणि त्याची वेळ राहते. नवीन काही जास्त भरेपर्यंत." कारागिराने दोन बटणं दाबली, कपाळाला आठी घातली आणि मीटर बाईंपुढे सरकवलं. "हे कुठे नेलं होतं? एवढ्या वायूत माणूस फार वेळ उभा राहत नाही."

पडद्यावर अपघाताची तारीख होती. वेळ अकरा अडतीस.

७

दुसऱ्या दिवशी दुपारी बाई पुन्हा प्रयोगशाळेत गेल्या. जहाज निघून गेलं होतं. त्याच्या जागी दुसरं लागलं होतं आणि पट्टा तसाच धडधडत होता. प्रयोगशाळेचा प्रमुख त्यांना बघून सवयीने उठला.

"बसा," बाई म्हणाल्या. "मी सांगते ते ऐका. चुकलं तर थांबवा."

तो बसला.

"मीटर बाहेर पाठवलंच नव्हतं. ते इथेच होतं, कुठल्यातरी खणात. तुम्ही ते लपवलंत, कारण मीटरशिवाय भाऊजी विहिरीत उतरणार नाहीत असं तुम्हाला वाटलं. तळाचा नमुना निघू नये, एवढंच तुम्हाला हवं होतं. त्यांना मारायचं असतं तर मीटर लपवून खाली जाऊ नका असं बजावलं नसतं."

त्याने समोरचे कागद सारखे केले.

"मग खुंटीवरचं छोटं मीटर दिसेना, तेव्हा ते उतरले हे तुम्हाला कळलं. तुम्ही खणातलं मीटर घेऊन पळालात. त्याची वेळ मीटरच्या पोटात आहे, अकरा अडतीस. विहिरीत दुसरं कुणी गेलं असतं तर त्याच्याकडे हे मीटर नसतं. खाली भाऊजी पडलेले आणि शेजारी भरलेली पिशवी. वर आलात तेव्हा ती पिशवी तुमच्याबरोबर आली. आणि बारा वीसला मुकादमांचा फोन गेला तेव्हा तुम्ही ताईंच्या खुर्चीवर बसलेले होता."

"ते गेलेच होते," तो पुटपुटला. "मी हात लावून पाहिला. गेलेच होते."

"नाही," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मोठा नव्हता. "तुम्ही त्यांच्या डोक्याखाली हेल्मेट ठेवलंत. गळ्याची बटणं सोडलीत. गेलेल्या माणसाच्या डोक्याखाली कुणी उशी देत नाही, दादा. श्वास घेणाऱ्याच्या देतं."

त्याने दोन्ही तळवे टेबलावर उपडे टेकले, जणू टेबल उडून जाईल.

"घरघर लागली होती," तो म्हणाला. "मी काखेत हात घालून उचलायला गेलो. हलेनात. मीटर इतकं किंचाळत होतं की मला काही सुचेना. माझंच डोकं फिरायला लागलं. म्हटलं, वर जाऊन माणसं बोलावतो. पिशवी हातात कधी आली ते मला सांगता येणार नाही. वर आलो तर डेकवर कुणी नव्हतं. ओरडायला तोंड उघडलं आणि वाटलं, पहिला प्रश्न विचारतील, हे मीटर तुझ्याकडे कसं? दुसरा विचारतील, पिशवीत काय? मी मनाला समजावलं, दार उघडं आहे, हवा जातेय, शुद्धीवर येतील. आणि चालायला लागलो. पिशवी वाटेत पट्ट्यावर ओतली."

"माल हिरवा आहे, त्या चिमुकल्या देशाचाच आहे, अशा दाखल्यांवर दोन वर्षं तुमची सही आहे."

"आहे."

"किती मिळाले?"

त्याने पहिल्यांदा बाईंकडे सरळ पाहिलं. "एक दमडी नाही. मिळाले असते तर निदान चोर म्हणवून घेतलं असतं. वरच्यांनी नुसतं समजावलं मला. जहाज अडलं तर वीजघर अडेल, वीजघर अडलं तर हा धक्का बंद पडेल. मुकादमाची नोकरी, माझी, भाऊजींचीसुद्धा. माल इथे नाही घेतला तर पुढचं बंदर घेईल. मला सांगा, यात खोटं काय आहे?"

बाईंना त्यात खोटं सापडलं नाही. त्यांनी पिशवीतून कोरा कागद काढून त्याच्यापुढे ठेवला. "हे सगळं लिहून द्या."

"देतो," तो म्हणाला. "पण आधी ताईला मी माझ्या तोंडाने सांगतो. तिला कागदावरून कळू नये. एक दिवस द्या मला."

अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत बाईंनी असा दिवस कुणालाही दिला नव्हता. त्यांनी तो दिला.

८

दिवस गेला, आठवडा गेला. कागद आला नाही. त्याऐवजी त्याच्या कंपनीच्या वकिलाचं पत्र आलं, की आमचा कर्मचारी यापुढे कुणाशीही बोलणार नाही.

साहेबांनी बाईंचा अकरा पानी अहवाल टेबलावर ठेवला. "पेलेट कुठे आहेत?"

"जळले."

"जहाज?"

"गेलं. आता त्याचं नावही बदललंय म्हणतात."

"मीटर?"

"वकील म्हणतो, त्याने ते प्रयोगशाळेतल्याच वायूच्या टाकीला लावून पाहिलं असेल, म्हणून आकडा चढला."

"मग उरलं काय, बाई?"

"डोक्याखालचं हेल्मेट."

साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने चष्मा काढून डोळे चोळले. "मोठं मीटर होतं तरी त्याला मिळालं नाही, एवढं टिकेल. त्यात मेलेल्या माणसाची चूक राहत नाही; बायकोला भरपाई मिळेल. बाकीची नऊ पानं तुम्हीच काढा. मला काढायला लावू नका."

बाईंनी स्वतःच्या हाताने नऊ पानं काढली. त्यातली पाच बंद झालेल्या देशाच्या मालाबद्दल होती. त्यांनी ती तीन सरकारी खात्यांना पाठवून पाहिली. एकाने पोच दिली. दुसऱ्याने कळवलं, की दाखले नियमाप्रमाणे आहेत. तिसऱ्याने काहीच कळवलं नाही. धक्क्यावर नवा नमुनेवाला आला. हुशार पोरगा, पहिल्या तासात पट्ट्यावरून नमुने घ्यायचा. प्रयोगशाळेच्या तक्त्यावरचा त्या वर्षीचा खांब मागच्या वर्षापेक्षा पाचवा हिस्सा उंच गेला.

भरपाईचा कागद बाई स्वतः घेऊन गेल्या. तिसऱ्या मजल्याचं दार उघडलं आणि नमुनेवाल्याच्या बायकोने त्यांना आत घेतलंच नाही.

"तुम्ही होय," ती म्हणाली. "मोठं मीटर दिलं नाही म्हणून लिहिलंत तुम्ही. छोट्याला घरी बसवलं त्यांनी. माझा नवरा गेला तो गेला; आता भावाचं ताटही काढून घेतलंत? तो पोर ह्यांच्यासाठी जीव टाकायचा!"

तिच्या मागे खोलीत छोट्या उभा होता. दाढी वाढलेली, शर्टाची बाही एका बाजूला दुमडलेली. तो ताईकडे बघत नव्हता, तपासनीसबाईंकडे बघत होता. त्या नजरेत धमकी नव्हती, गप्प राहण्याची विनवणीही नव्हती. त्याला हवं होतं की त्यांनी सांगून टाकावं. एका वाक्यात होणारं काम होतं.

बाईंनी तोंड उघडलं. समोरच्या बाईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. हा भाऊ गेला, तर या घरात हिच्याशी बोलायला भिंतींशिवाय कुणी उरणार नव्हतं.

"तुमच्या यजमानांची चूक नव्हती," त्या म्हणाल्या. "एवढं सांगायला आले होते."

कागद तिच्या हातात देऊन त्या वळल्या. दुखरा गुडघा सांभाळत जिना उतरायला लागल्या. दुसऱ्या मजल्यावर मागून पावलं आली.

"का नाही सांगितलंत?" छोट्या कठड्याला धरून धापा टाकत होता. "मी रोज सकाळी उठतो ते आज सांगायचं म्हणून. तोंड उघडलं की ती काहीतरी वाढते, काहीतरी विचारते. माझ्याने होत नाही. तुम्हाला तर सगळं माहीत आहे. तुमचं कामच आहे ते."

"माझं काम संपलं," तपासनीसबाई म्हणाल्या.

"मग मी काय करू?"

त्याचं उत्तर ठाऊक असतं तर त्यांनी ते त्या काढलेल्या नऊ पानांतच लिहिलं असतं. दोघं जिन्यावर उभी राहिली, तो चार पायऱ्या वर, त्या चार पायऱ्या खाली.

वरून हाक आली. "छोट्या, कुठे गेलास रे? ताट वाढलंय, गार होतंय."

तो तोंडावरून हात फिरवून म्हणाला, "आलो, ताई," आणि वर गेला.